फाट्यावरचं कॅफे

वाळवंटातला हायवे. भर उन्हात एक जाडजूड बाई सुटकेस घेऊन चालली आहे. अंगावर थंड हवेच्या देशातला जाड सूट, डोक्यावर हॅट. नवऱ्याशी भांडून ती गाडीतून उतरली आहे. चालत चालत ती एका पेट्रोल पंपापाशी येते. पंपाला लागून मोटेल, मोटेलला लागून कॅफे. बाहेर खुर्चीत दुसरी एक बाई बसली आहे. तिने नुकतंच स्वतःच्या नवऱ्याला हाकलून दिलंय. दोघी एकमेकींकडे बघतात. एक घाम पुसते आहे, दुसरी डोळे.

पर्सी आडलॉन या जर्मन दिग्दर्शकाच्या ‘बगदाद कॅफे’मधली (१९८७) ही भेट. मी हा सिनेमा पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला पाहिला, हॉस्टेलवर, पेनड्राइव्हवरून. ‘बघ, मूड चांगला होतो’ असं सांगून मैत्रिणीने दिला होता. मूड खरंच चांगला झाला. गेल्या महिन्यात पुन्हा पाहिला तेव्हा मात्र माझं त्याच्याशी भांडण झालं. ते पुरतं मिटलेलं नाही. त्याचाच हा हिशोब.

आधी गोष्ट. जर्मनीतल्या रोझेनहाइमहून आलेली यास्मिन (मारिआने झेगेब्रेश्ट) ब्रेंडाच्या (सी. सी. एच. पाउंडर) मोटेलमध्ये खोली घेते. घाईत तिने नवऱ्याची सुटकेस उचलून आणलेली असते, त्यामुळे आत निघतात पुरुषांचे कपडे आणि जादूच्या प्रयोगांचा एक संच. ब्रेंडाच्या डोक्यावर कॅफे, मोटेल, पंप, हाताशी न येणारी मुलगी, पियानोवर बाख वाजवत बसणारा मुलगा आणि त्या मुलाचं तान्हं बाळ. कॅफेत कॉफी मिळत नाही, कारण मशीन बंद पडलंय. यास्मिन न सांगता साफसफाई करायला लागते. बाळाला घेते, मुलांशी गप्पा मारते, खोलीत बसून जादू शिकते. मग ती कॅफेत प्रयोग करायला लागते आणि ट्रकवाल्यांची गर्दी होते. आधी तिच्यावर खेकसणारी ब्रेंडा तिची जिवाभावाची मैत्रीण होते.

हा सिनेमा मैत्रीचा आहे, परकेपणा विरघळण्याचा आहे, असं साधारणपणे म्हटलं जातं. ते चूक नाही. पण मला यावेळी त्यात बायकांच्या आधी जागा दिसली, आणि सगळी गडबड तिथून सुरू झाली.

शब्द पत्त्यातच होता

सिनेमाचं चित्रीकरण झालं ती जागा खरी आहे. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात, जुन्या रूट ६६ वर, न्यूबेरी स्प्रिंग्ज नावाची वस्ती आहे. वाफेच्या इंजिनांच्या काळात रेल्वे इथलं पाणी पुढच्या कोरड्या स्टेशनांना पुरवायची. अशा वस्त्यांसाठी अमेरिकेत एक सरकारी शब्द आहे, ‘अनइन्कॉर्पोरेटेड’. म्हणजे वस्ती आहे, नाव आहे, माणसं आहेत. स्वतःची नगरपालिका नाही, महापौर नाही. कारभार थेट काउंटीकडे. आणि काउंटी कोणती, तर सॅन बर्नार्डिनो, सुमारे ५२ हजार चौरस किलोमीटरची. आपल्याकडचा सगळ्यात मोठा जिल्हा अहिल्यानगर. तसे तीन त्यात बसतात.

मराठीत याला काय म्हणायचं याचा मी बराच विचार केला. मग लक्षात आलं, शब्द माझ्या घरच्या पत्त्यातच होता. फाटा.

फाटा म्हणजे गाव नव्हे. गाव आत असतं, दोन-तीन किलोमीटरवर. ग्रामपंचायत, शाळा, देऊळ, जत्रा, सगळं तिथे. फाट्यावर एसटीचा थांबा असतो, चहाचं हॉटेल, पंक्चरवाला, उन्हाळ्यात रसवंती. फाट्याला सरपंच नसतो. फाट्यावर राहणारी माणसंही मूळची कुठली तरी दुसरीकडचीच असतात. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट एकच, समोरून जाणारा रस्ता.

मी अशा एका फाट्यावर वाढले. आईचं तिथे हॉटेल आहे. सात टेबलं, सकाळी मिसळ, दिवसभर चहा-भजी. काही वर्षांपूर्वी आमच्या फाट्याला बायपास झाला. ‘फाट्यावर मारणं’ हा वाक्प्रचार कॉलेजात आम्ही दिवसातून दहा वेळा वापरायचो. फाट्यालाच फाट्यावर मारतात हे तेव्हा माहीत नव्हतं.

१९५६

रूट ६६ सुरू झाला १९२६ साली. शिकागोपासून कॅलिफोर्नियापर्यंत, जवळपास चार हजार किलोमीटर. हा रस्ता गावांच्या मधून जायचा, त्यामुळे वाटेत जागोजागी पंप, मोटेलं, खाण्याची ठिकाणं उभी राहिली. १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी इंटरस्टेट महामार्गांच्या कायद्यावर सही केली. मोहावीच्या या पट्ट्यात इंटरस्टेट ४० सुरू झाला १९७३ मध्ये. १९८४ मध्ये ॲरिझोनातलं विल्यम्स हे शेवटचं शहरही बाजूला पडलं आणि १९८५ मध्ये रूट ६६ महामार्गांच्या अधिकृत यादीतून काढून टाकला गेला.

त्याच १९५६ साली ॲमस्टरडॅममध्ये एड्सगर डाइकस्ट्रा नावाचा तरुण आपल्या होणाऱ्या बायकोबरोबर एका कॅफेच्या गच्चीत कॉफी पीत बसला होता. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचा सगळ्यात जवळचा रस्ता कसा काढायचा, हे कोडं त्याने तिथे वीसेक मिनिटांत सोडवलं, कागद-पेन्सिल न वापरता. हे त्यानेच नंतर सांगितलंय. कॉम्प्युटर किंवा आयटी केलेल्या प्रत्येकाने हा अल्गोरिदम वायव्हासाठी पाठ केलेला असतो. माझं तर पोटच त्याच्यावर चालतं. मी डिलिव्हरीच्या गाड्यांचे रस्ते ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते.

आमच्या कामात नकाशाचा ग्राफ होतो. ठिकाणं म्हणजे बिंदू, रस्ते म्हणजे रेषा, आणि प्रत्येक रेषेवर एक आकडा, किती वेळ लागेल त्याचा. गणित लवकर व्हावं म्हणून आधी ग्राफ हलका करतात. ज्या बिंदूवर फक्त दोनच रेषा मिळतात, म्हणजे जिथे डावीकडे की उजवीकडे असा प्रश्नच येत नाही, तो बिंदू काढून टाकतात आणि दोन रेषांची एक रेष करतात. उत्तर बदलत नाही. ज्या ठिकाणी काही ठरवायचं नसतं, त्या ठिकाणाची मशीनला गरज नसते.

कोणी तहानलेलं असेल, कोणाला लघवीला जायचं असेल, कोणाला नवऱ्याशी भांडून गाडीतून उतरायचं असेल, यासाठी त्या ग्राफमध्ये रकाना नाही.

दहा मिनिटं

बाजूला पडलेल्या गावावरचा आपल्या पिढीने पाहिलेला सिनेमा म्हणजे पिक्सारचा ‘कार्स’ (२००६). माणसं नाहीत, सगळी पात्रं गाड्या. रेडिएटर स्प्रिंग्ज हे काल्पनिक गाव रूट ६६ वरच्या खऱ्या गावांवरून रचलेलं आहे. ते करण्याआधी पिक्सारची मंडळी त्या रस्त्याने फिरून आली होती. सिनेमात सॅली नावाची गाडी नायकाला गावाची कहाणी सांगते. तिचं सार एवढंच, की प्रवासाची दहा मिनिटं वाचावीत म्हणून हे गाव बाजूला टाकलं गेलं.

लहानपणी मला शर्यती आवडल्या होत्या. आता मला ‘कार्स’मधला दुसराच प्रसंग सगळ्यात खरा वाटतो. रस्ता चुकलेलं एक जोडपं गावात येतं. त्यांना फक्त इंटरस्टेट कुठे आहे ते हवंय. अख्खं गाव त्यांच्यावर तुटून पडतं. टायर बघा, पेट्रोल भरा, रंग लावून देतो. एका गिऱ्हाइकामागे पाच-सहा दुकानदार. तो विनोदी प्रसंग आहे. मला हसू आलं नाही. बायपासनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात एखादी गाडी हळू झाली, की रसवंतीवाला आणि आमचा वाढपी दोघंही उठून उभे राहायचे. गाडी बहुतेक वेळा वळून परत जायची.

इतकं अचूक बघणारा सिनेमा शेवटी मात्र सोपी वाट धरतो. प्रसिद्ध शर्यतपटू गावात आपलं मुख्यालय उघडतो आणि गाव पुन्हा गजबजतं. म्हणजे रस्त्याने मारलेलं गाव ब्रँडने वाचवायचं. हे अगदीच कल्पनेतलं नाही. मोहावीतच ॲम्बॉय नावाची वस्ती आहे, तिथल्या ‘रॉइज’ मोटेलची उंच पाटी तुम्ही फोटोत पाहिली असेल. २००५ मध्ये चिकन रेस्तराँच्या साखळीचे मालक आल्बर्ट ओकुरा यांनी ही अख्खी वस्ती सव्वाचार लाख डॉलरना विकत घेतली. त्यांनी ती जपली, पंप पुन्हा चालू केला, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण जिथे नगरपालिका नसते तिथे एक माणूस खरेदीखत करून अख्खं गाव घेऊ शकतो, हे वाचून मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला होता.

‘कार्स’पुढे ‘बगदाद कॅफे’ फार मोठा सिनेमा आहे. तिथे कोणी श्रीमंत माणूस गाव वाचवायला येत नाही. येते ती बाई परदेशी आहे, तिच्याकडे गाडी नाही, स्वतःचे कपडेही नाहीत. म्हणूनच त्याच्याकडून माझ्या अपेक्षा जास्त आहेत.

पसाऱ्यावर खापर

माझी तक्रार अशी. ब्रेंडाचं कॅफे का चालत नाही? सिनेमा उत्तर देतो ते पसाऱ्याच्या भाषेत. मशीन बंद आहे, नवरा कामाचा नाही, ऑफिसात कागदांचा ढीग आहे, मालकीण सतत ओरडते. बाहेरच्या रस्त्याचं काय झालं, याबद्दल सिनेमा जवळजवळ गप्प आहे. हा सिनेमा आला त्याच्या चौदा वर्षं आधी शेजारून इंटरस्टेट गेलेला आहे आणि दोन वर्षं आधी रूट ६६ कागदावरून पुसला गेलेला आहे. ते वगळलं की उरते एक चिडकी बाई आणि धूळ. आणि धुळीवर इलाज सोपा असतो, कोणीतरी फडकं घ्यायचं.

यास्मिन फडकं घेते. शिडी लावून पाण्याच्या टाकीची सफाई करणारी यास्मिन, मागे पिवळं आकाश, हे या सिनेमाचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र आहे. सुंदर आहे. पण टाकी चकचकीत झाली म्हणून ट्रक वळत नाहीत.

हे मी एवढ्या तावातावाने लिहिते आहे कारण हेच मी स्वतः केलंय. बायपासनंतर गल्ला निम्म्यावर आला तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी आईला सल्ले दिले. रंग काढ, बाथरूम नीट कर, गिऱ्हाइकाशी जरा गोड बोल. मी पुण्याहून जाऊन पाटी बदलली, मेनू छापून लॅमिनेट केला, मॅपवर फोटो चढवले. दोन दिवस आई गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “म्हणजे माझंच चुकत होतं का गं इतकी वर्षं?”

ब्रेंडाचा राग सिनेमात कोणाला फारसा आठवत नाही. मला वाटतं, पाउंडरने तो सिनेमाच्या पहिल्या भागात ज्या ताकदीने उभा केलाय, ते या सिनेमातलं सगळ्यात भारी काम आहे. ती गावाहून सामान घेऊन येते आणि बघते तर ऑफिस लख्ख. ती खुश होत नाही, भडकते. कोण कुठली पाहुणी, माझ्या कागदांना हात लावते? वस्तू होत्या तिथे परत ठेव म्हणते. सावरायला कोणी नसताना माणूस पसाऱ्याच्या आधारानेच उभा असतो, हे त्या ओरडण्यात ऐकू येतं. त्यात ब्रेंडा कृष्णवर्णीय आहे आणि साफ करणारी गोरी. हॉलिवूडने वर्षानुवर्षं उलटं दाखवलं होतं. कामं अशी पालटणं हा आडलॉनचा मोठा शहाणपणा. पण मालकिणीचा राग तो फार लवकर विझवतो. पुढे एकदा, मुलांशी का लगट करतेस, तुझ्या स्वतःच्या मुलांशी खेळ, असं ब्रेंडा ओरडते. आपल्याला मुलं नाहीत एवढंच यास्मिन सांगते. ब्रेंडा जाते, परत येते, नरमते. प्रसंग अप्रतिम आहे. त्यानंतर मात्र ब्रेंडाला कशाचाच राग येत नाही. एवढा राग एका उत्तराने संपतो यावर माझा विश्वास बसत नाही.

जाता जाता, की मुद्दाम

मग सिनेमा आवडतो का? हो. कारण एक गोष्ट त्याला बरोबर कळली आहे. फाट्याचं गाव कसं होतं, ती गोष्ट.

त्या मोटेलमध्ये कोण कोण आहे बघा. हॉलिवूडमध्ये सेटवर रंगकाम केलेला म्हातारा रूडी, जॅक पॅलन्सने केलेला. गोंदण काढून देणारी डेबी. तंबू ठोकून बूमरँग फेकत बसणारा तरुण एरिक. यांतलं कोणी तिथलं नाही. सगळे कुठे तरी जाता जाता थांबले आणि राहिले. हाकलून दिलेला नवरासुद्धा धड जात नाही, दूर गाडीत बसून दुर्बिणीतून घराकडे बघत राहतो. यास्मिन का राहते याचं कारण सिनेमा देत नाही, आणि ते न देणं मला फार आवडतं. फाट्यावर राहणाऱ्यांना कारण विचारायचं नसतं. आमच्याकडचा पंक्चरवाला एका रात्रीपुरता ट्रकमधून उतरला होता. त्याला वीस वर्षं झाली.

आणि कोणी राहायचं हे शेवटी कोण ठरवतं, तेही सिनेमा दाखवतो. या वस्तीत सरकार म्हणून फक्त शेरीफ येतो. आधी ब्रेंडाने संशय घेऊन बोलावलं म्हणून, नंतर यास्मिनची मुदत संपली हे सांगायला. फडकं मारून न सुटणारी ती एकच गोष्ट. तिला परत जावं लागतं. ती गेल्यावर ट्रकवाले येतात, जादू नाही म्हटल्यावर निघून जातात. हॉल पुन्हा रिकामा.

इथे सिनेमा आपल्याच उपायावर शंका घेतो असं मला वाटतं. फाटा जगतो तो जाता जाता थांबणाऱ्यांवर. त्यांना तुमच्याकडे यायचं नसतं, त्यांना पुढे जायचं असतं. तुम्ही वाटेत असता एवढंच. त्यात एक मोकळेपणा आहे. गिऱ्हाईक तुमच्याकडून चहाची अपेक्षा करतं, तुमच्या खास असण्याची नाही. लोक मुद्दाम यायला लागले की रोज खास असावं लागतं. रोज जादू करावी लागते. आणि जादू करणारी गेली की संपलं.

पुढे यास्मिन परत येते, प्रयोग आणखी मोठे होतात, गाणी, नाच, टाळ्या. तेव्हा डेबी आपली बॅग भरते. इथे फार गुण्यागोविंदाने चाललंय, आपल्याला हे झेपत नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून ती निघून जाते. प्रेक्षक हसतात. माझ्या मते तो सिनेमातला सगळ्यात प्रामाणिक क्षण आहे. डेबी तमाशाच्या थिएटरात राहायला आली नव्हती, ती फाट्यावर राहायला आली होती. दिग्दर्शकाने ही टीका स्वतःच लिहून स्वतःच्या सिनेमात ठेवली. हे मोठं मन झालं.

सिनेमाबाहेर जे घडलं ते तर याहून विचित्र आहे. बगदाद नावाची वस्ती खरोखर होती, न्यूबेरी स्प्रिंग्जपासून पूर्वेला सुमारे ऐंशी किलोमीटरवर. १९१२ ते १९१४ दरम्यान तिथे सलग ७६७ दिवस पाऊस पडला नाही, अशी नोंद आहे. तेवढ्या कोरड्या दिवसांत ती टिकली. १९७३ च्या इंटरस्टेटनंतर मात्र ओस पडली, आणि १९९१ मध्ये उरलंसुरलंही पाडलं गेलं. आडलॉनने त्या ओस वस्तीचं नाव घेतलं आणि चित्रीकरण केलं न्यूबेरी स्प्रिंग्जच्या ‘साइडवाइंडर कॅफे’त. सिनेमा युरोपात गाजला, फ्रान्समध्ये त्याला सेझार मिळालं. मग साइडवाइंडरने आपलं नाव बदलून ‘बगदाद कॅफे’ ठेवलं, आणि युरोपातून पर्यटक मुद्दाम तिथे यायला लागले. एका फाट्याला जगायला दुसऱ्या मेलेल्या फाट्याचं नाव लावावं लागलं.

आई बघते

लिहिण्याआधी मी सिनेमा आईला दाखवला, हॉटेलातच, दुपारी, गल्ल्यावर लॅपटॉप ठेवून. भाषा कळत नव्हती, मी सांगत होते. ऑफिस साफ केल्याच्या प्रसंगाला ती पुढे सरकून बसली.

“न विचारता हात लावला तिने?”

“मदत करायची होती गं तिला.”

“मदत करायची तर भांडी घासायची. कागदांना कशाला हात?”

जादूच्या प्रयोगांना ती हसली. मग विचारलं, “हे सगळे जादू बघून जेवून जातात ना? का नुसता चहा?” मी म्हटलं, जेवतात. “मग ठीक आहे,” म्हणाली.

डेबी निघून जाते तिथपर्यंत आम्ही पोचलो आणि आईचा फोन वाजला. बायपासवरच्या टोलनाक्यावरून. तिथल्या मुलांना दिवसातून दोनदा चहा लागतो, हे मला माहीतच नव्हतं. वर्षभर चाललंय म्हणे. मी मॅपवर चढवलेल्या फोटोंमधून हे गिऱ्हाईक आलेलं नाही. आईच एक दिवस एसटीने टोलनाक्याला जाऊन विचारून आली होती.

तिने दोन मोठे थर्मास भरले, झाकणं घट्ट केली आणि वाढप्याच्या गाडीला अडकवले. पंक्चरवाल्याने त्याला हाक मारून एक ट्यूबही दिली, नाक्यावर कुणाला तरी हवी होती. गाडी बायपासच्या दिशेने गेली.

“लाव पुढचं,” आई म्हणाली. “ती जर्मन बाई राहते ना शेवटी?”